ऑर्किड आवडतं, ठीक आहे; पण तुमचा प्रश्न काय आहे?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली किंवा नेट-सेटचा अभ्यास करणारी मुलं-मुली भेटली की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "मला ऑर्किडवर पीएच.डी. करायची आहे." मी लगेच विचारते, "ऑर्किडवर म्हणजे नेमकं कशावर?" मग थोडी शांतता. कुणी म्हणतं टिश्यू कल्चर, कुणी म्हणतं टॅक्सॉनॉमी, कुणी म्हणतं औषधी गुणधर्म. ही सगळी विषयांची नावं झाली. संशोधन विषयावर होत नाही, प्रश्नावर होतं. आवड आणि प्रश्न यांच्यात बरंच अंतर असतं आणि ते चालून जावं लागतं.

हे अंतर कसं चालायचं ते आज ऑर्किडच्याच उदाहरणाने पाहू. तुमची वनस्पती वेगळी असेल, किंवा तुम्ही बेडकांवर काम करणार असाल, तरी चालेल. वाट साधारण अशीच असते.

आधी ओळख नीट करून घेऊ

मराठीत ऑर्किडला 'आमरी' म्हणतात. गावाकडे मात्र झाडावर वाढणारं काहीही दिसलं की ते 'बांडगूळ' ठरतं, आणि "झाड खातंय" म्हणून लोक ते ओरबाडून टाकतात. बांडगूळ खरोखरच झाडाच्या आत मुळं घुसवतं आणि त्याचं पाणी-क्षार ओढतं. झाडावरचं ऑर्किड तसं करत नाही. ते फक्त सालीला धरून बसतं. पावसाचं पाणी, धुकं, सालीच्या खोबणीत साचलेला पालापाचोळा एवढ्यावर त्याचा संसार चालतो. तुमच्या गावात हा एक गैरसमज जरी दूर करता आला, तरी संशोधनाआधीच तुमच्या हातून एक चांगलं काम झालं असं समजा.

जगात ऑर्किडच्या सुमारे २८,००० जाती आहेत. फुलझाडांच्या सगळ्यात मोठ्या दोन कुळांपैकी हे एक, दुसरं सूर्यफुलाचं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतातल्या १,२५६ जाती आहेत, आणि त्यातल्या ३८८ फक्त भारतातच सापडतात. साधारण साठ टक्के जाती झाडांवर वाढतात, बाकीच्या बहुतेक जमिनीवर.

आपल्या सह्याद्रीत दोन्ही प्रकार भरपूर आहेत. मे-जूनमध्ये झाडाच्या फांदीवरून खाली लोंबणारा गुलाबी-पांढरा फुलोरा पाहिला असेल, ती 'सीतेची वेणी', म्हणजे रिंकोस्टायलिस रेटुसा. हीच आसामात 'कोपौ फूल' म्हणून बिहूच्या वेळी केसांत माळतात. हिवाळ्यात पानं झडलेल्या काटकुळ्या खोडांवर पांढरी फुलं दिसतात, ते डेंड्रोबियम बार्बाट्युलम. पहिला पाऊस पडला की सड्यांवर जमिनीला चिकटलेली पानं आणि त्यांच्यामधून वर आलेलं पांढरं फूल दिसतं, ते हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. नाव लांबलचक, झाड मात्र वीतभर.

ही नावं पाठ करणं म्हणजे संशोधन नाही. पण समोरची जात नक्की कोणती हे माहीत नसेल तर पुढचं सगळं वाळूवर बांधल्यासारखं. त्यामुळे थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला मुंबई इलाख्याचा फ्लोरा, आणि सांतापाव व कापडिया यांचं १९६६ चं 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे', ही पुस्तकं हाताशी असू द्या. त्यातली नावं आता बरीच बदलली आहेत, म्हणून नवं नाव तपासत जा. वर्णनं मात्र आजही उपयोगी पडतात.

एका बोंडात किती प्रश्न मावतात?

आता खऱ्या गोष्टीकडे येऊ. ऑर्किडचं पिकलेलं बोंड फुटलं की त्यातून पिठासारखी धूळ उडते. ती धूळ म्हणजे बिया. एका बोंडात हजारोंपासून काही जातींत लाखोंपर्यंत बिया असतात, आणि एका बीचं वजन काही मायक्रोग्रॅम. वाऱ्याबरोबर कुठेही जाता येतं, ही सोय झाली. पण ही सोय फुकट मिळालेली नाही. या बीमध्ये अन्नाचा साठाच नसतो. गव्हाच्या दाण्यात भ्रूणासाठी पीठ भरलेलं असतं, हरभऱ्याच्या डाळिंब्यांत शिदोरी असते. ऑर्किडचं बी रिकाम्या हाताने घराबाहेर पडतं.

मग ते उगवतं कसं?

एकोणिसाव्या शतकात युरोपातले माळी या प्रश्नाने हैराण झाले होते. बिया लाखोंनी होत्या, पण पेरल्या की रोप येईल याची खात्री नव्हती. आईच्या कुंडीतच बी टाकलं तर कधीकधी उगवतं, एवढं अनुभवाने कळलं होतं. कारण कळलं नव्हतं. १८९९ मध्ये फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या जंगलात नोएल बर्नार या तरुण वनस्पतीशास्त्रज्ञाला निओटिया या ऑर्किडचा पालापाचोळ्यात गाडला गेलेला फळांचा दांडा सापडला. त्यात बिया उगवत होत्या. त्याने ती इवली रोपं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा सगळ्यांच्या आत बुरशी होती. इथून पुढे त्याने प्रयोग करून दाखवलं की बी बुरशीच्या मदतीने उगवतं. बुरशीचे धागे पेशीत शिरतात, गुंडाळ्या करून राहतात, आणि रोप त्यांच्याकडून अन्न मिळवतं. उगवणाऱ्या बीची आधी मूळ-पान काही नसलेली एक गाठ बनते, तिला प्रोटोकॉर्म म्हणतात. हिरवं पान येईपर्यंत तिचा सगळा भार बुरशीवर असतो.

म्हणजे प्रश्न सुटला? थांबा. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लुइस नडसन यांनी क्षार आणि साखर घातलेल्या अगारवर, बुरशी अजिबात नसताना, ऑर्किडच्या बिया उगवून दाखवल्या. झाली पंचाईत! एक म्हणतो बुरशी हवी, दुसरा म्हणतो साखर पुरते. बरोबर कोण?

दोघेही बरोबर, कारण दोघांचे प्रश्न वेगळे होते. 'निर्जंतुक बाटलीत बी उगवायला काय लागतं?' हा एक प्रश्न. 'जंगलात बी उगवायला काय लागतं?' हा दुसरा. जंगलात झाडाच्या सालीवर कुणी साखर ओतून ठेवत नाही. तिथे ते काम बुरशी करते. आज बाजारात शंभर-दोनशे रुपयांना ऑर्किडची रोपं मिळतात, त्यामागे नडसन यांच्या उत्तरातून सुरू झालेलं तंत्र आहे. आणि प्रयोगशाळेतली रोपं नुसती जंगलात नेऊन लावली की संवर्धन झालं असं म्हणता येत नाही, याचं कारण बर्नार यांच्या उत्तरात आहे. ते लावलेलं रोप कदाचित जगेलही. पण त्याचं बी उगवायला तिथे योग्य बुरशी नसेल, तर तो वंश त्या एका रोपापाशी संपतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी यातून एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. दोन शोधनिबंध एकमेकांच्या विरुद्ध वाटले, तर "चूक कोणाची?" हे विचारण्याआधी "दोघांनी नेमकं काय विचारलं होतं?" हे पाहा. साहित्याचा आढावा घेणं म्हणजे हेच. 'अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले' अशा वाक्यांची माळ ओवणं म्हणजे आढावा नव्हे.

इथून प्रश्न कसा निघतो ते बघा. 'ऑर्किडच्या बियांचा अभ्यास' हा विषय. 'एकाच सड्यावर मोठी रोपं जिथे दाट आहेत तिथे आणि जिथे अजिबात नाहीत तिथे, या जातीचं बी सारख्याच प्रमाणात उगवतं का?' हा प्रश्न. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येऊ शकतं, आणि दोन्ही उत्तरांना अर्थ आहे. उगवत असेल तर बुरशी सगळीकडे आहे, अडचण दुसरीकडे आहे. बी पोचत नसेल किंवा रोपं नंतर मरत असतील. उगवत नसेल तर बुरशीकडे संशयाची सुई वळते.

हे तपासायची पद्धतही आहे. १९९३ मध्ये हॅन रासमुसेन आणि डेनिस व्हिगॅम यांनी एक साधी युक्ती मांडली. बारीक जाळीच्या नायलॉन कापडात बिया ठेवायच्या, ते कापड फोटोच्या स्लाइडच्या चौकटीत बसवायचं आणि चौकट जमिनीत पुरायची. जाळीतून बुरशी आत येते, बी बाहेर पडत नाही. काही महिन्यांनी काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. त्याआधी बी मुळात जिवंत होतं का, हे टेट्राझोलियमच्या चाचणीने पाहायचं. जिवंत भ्रूण लालसर होतो. ही चाचणी वगळली आणि बी उगवलंच नाही, तर कारण जमिनीत होतं की बीमध्येच, हे कधीच सांगता येणार नाही. कंट्रोल लागतो तो यासाठी.

घरच्या कुंडीतही विज्ञान आहे

"पण आमच्याकडे लॅब नाही, जंगल नाही," असं म्हणू नका. रोपवाटिकेतून एक फॅलेनॉप्सिस आणा. ती रोपं जंगलातून आणलेली नसतात, वाढवलेली असतात, त्यामुळे मनात काही बोचणीही राहत नाही. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं असं भरड माध्यम घ्या. बागेतली माती घातली की मुळं कुजतात, कारण या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

मुळांकडे लक्ष द्या. कोरडी असताना ती चंदेरी-पांढरी दिसतात, पाणी घातलं की काही क्षणांत हिरवी होतात. बाहेर मेलेल्या पेशींचं एक स्पंजासारखं आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. ते पाणी शोषून पारदर्शक झालं की आतला हिरवा थर दिसतो. त्यामुळे पाणी कधी द्यायचं हे कॅलेंडर पाहून ठरवायची गरज नाही, मुळंच सांगतात.

आता एक खराखुरा प्रयोग. फॅलेनॉप्सिस ही 'कॅम' पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणारी वनस्पती आहे. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून ती पर्णरंध्रं रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा ते आम्ल वापरलं जातं. म्हणजे पहाटे पान जास्त आम्लयुक्त असायला हवं आणि संध्याकाळी कमी. पानाचे सारख्या वजनाचे तुकडे पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला घ्या, पाण्यात वाटा, गाळा आणि फिनॉल्फ्थॅलिन घालून सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करा. शेजारी जास्वंदीच्या पानावर तेच करा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन दिवसांत होणारं काम आहे.

इथे एक खाचखळगा आहे, आणि तो पुढे प्रबंधातही आडवा येतो. एकाच कुंडीतल्या रोपाच्या पाच पानांवर मोजलंत, तर तुमच्याकडे पाच नमुने नाहीत, एकच आहे. ती पाचही पानं एकाच मुळावर, एकाच पाण्यावर, एकाच खिडकीत वाढली आहेत. 'फॅलेनॉप्सिसमध्ये असं होतं' असं म्हणायचं असेल तर वेगवेगळी रोपं हवीत. संख्याशास्त्राच्या पुस्तकात याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल, पाच पानं म्हणजे पाच रोपं नव्हेत एवढं लक्षात ठेवा.

फूल पाहून गोष्ट रचू नका

पांढरं फूल, संध्याकाळी सुटणारा सुगंध, मागे मधाची लांब नळी. असं फूल दिसलं की मनात लगेच येतं, 'याचं परागण पतंग करतात.' हा अंदाज चांगला आहे, पण अंदाजच आहे.

चार्ल्स डार्विन यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मादागास्करचं अँग्रेकम सेस्क्विपेडाले हे पांढरं ऑर्किड, त्याची मधाची नळी जवळजवळ एक फूट लांब. १८६२ मध्ये ऑर्किडच्या परागणावरच्या आपल्या पुस्तकात डार्विन यांनी लिहिलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. तसा पतंग १९०३ मध्ये वर्णन करून नोंदवला गेला. तोवर डार्विन यांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. या गोष्टीचा शेवट सहसा इथेच करतात. पण पतंग सापडणं आणि तो पतंग त्याच फुलाचं परागण करतो हे दिसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या फुलावर तो येतो हे पाहायला आणखी कित्येक दशकं लागली. भाकीत कितीही सुंदर असलं तरी रात्र जागून पाहण्याला पर्याय नाही.

शिवाय ऑर्किड फसवण्यात पटाईत. जगातल्या साधारण एक तृतीयांश जाती कीटकाला काहीच देत नाहीत असा अंदाज आहे. मध असल्याचा देखावा करतात, काही तर कीटकाच्या मादीची नक्कल करतात. त्यामुळे कीटक फुलावर बसला म्हणून परागण झालं असं नाही. त्याच्या अंगाला परागपुंज चिकटलेला दिसला पाहिजे, आणि तो पुढच्या फुलाच्या कुक्षीवर पोचला पाहिजे.

तुमच्या जातीत फळं कमी धरतात असं दिसलं, तर कारण शोधण्याची मांडणी अशी करता येते. फुलांचे चार गट करा. पहिला गट जसाच्या तसा सोडा. दुसऱ्या गटावर कळी असतानाच मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा, म्हणजे कीटकाशिवाय फळ धरतं का ते कळेल. तिसऱ्या गटात त्याच रोपाचा पराग हाताने लावा. चौथ्यात दुसऱ्या रोपाचा लावा. तिसऱ्या-चौथ्या गटांवरही पिशवी हवी, नाहीतर पराग तुम्ही लावला की कीटकाने हे सांगता येणार नाही. पहिल्या गटात फळं थोडी आणि चौथ्यात भरपूर, तर झाडाची ताकद आहे पण कीटक कमी पडताहेत. दोन्हींत थोडीच, तर झाडाकडेच फळ पोसायला अन्न नाही किंवा आणखी काही अडचण आहे. दुसऱ्यात भरपूर, तर फूल स्वतःचं स्वतः भागवतंय आणि तुमची पतंगाची गोष्ट डळमळीत झाली.

एक काळजी घ्या. एकाच रोपाच्या सगळ्या फुलांना हाताने पराग लावून सगळी फळं धरायला लावलीत, तर त्या रोपाची सगळी शक्ती त्यातच जाते आणि पुढच्या वर्षी ते फुलणारच नाही असं होऊ शकतं. प्रयोग आपला होतो, किंमत झाडाने मोजलेली असते.

जंगलात जाण्याआधी कपाटात जा

बऱ्याच जणांना फील्डवर्क म्हणजे थेट डोंगर असं वाटतं. आधी हर्बेरियममध्ये जा. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. मुंबईला सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. आधी पत्र पाठवून, गाईडची सही घेऊन जायचं.

वाळवलेल्या रोपाइतकीच त्याखालची चिठ्ठी मोलाची असते. कधी गोळा केलं, कुठून, फुलावर होतं की फळावर. इंग्लंडमध्ये ऑफ्रिस स्फेगोडेस या ऑर्किडचे १८४८ ते १९५८ या काळातले वाळवलेले नमुने घेऊन संशोधकांनी फुलण्याच्या तारखा त्या त्या वर्षीच्या तापमानाशी ताडून पाहिल्या. वसंतातलं तापमान एक अंश वाढलं की फूल सुमारे सहा दिवस लवकर येतं, असं दिसलं. नंतरच्या दशकांत प्रत्यक्ष मैदानात केलेल्या नोंदींतूनही तसंच उत्तर आलं. हा निबंध २०११ चा आहे. ज्यांनी ते नमुने गोळा केले, त्यांच्या मनात हवामानबदल असण्याची शक्यताच नव्हती. त्यांनी फक्त चिठ्ठी नीट लिहिली होती. तुमची चिठ्ठीही शंभर वर्षांनी कुणीतरी वाचणार आहे, या हिशेबाने लिहा.

परवानगी ही औपचारिकता नाही

सगळं ऑर्किड कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. बहुतेक जाती दुसऱ्या परिशिष्टात, पॅफिओपेडिलमसारख्या काही पहिल्यात. त्यामुळे वाळलेला नमुना परदेशी सहकाऱ्याला नुसता पोस्टाने पाठवून दिला, असं चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात निळा वांडा, लाल वांडा आणि पॅफिओपेडिलम यांना खास संरक्षण आहे. जैवविविधता कायदा, २००२ आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काम करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि तिथे वाऱ्याने मोडून पडलेल्या फांदीवरचं ऑर्किडही परवानगीशिवाय उचलता येत नाही. या परवानग्यांना महिने लागू शकतात. पावसाळ्यात काम करायचं असेल तर अर्ज आदल्या दिवाळीच्या सुमारास तयार हवा. प्रस्तावाच्या वेळापत्रकात हे महिने धरले नाहीत, तर पहिलं वर्ष वाट पाहण्यातच जातं.

कायद्यापलीकडचाही एक हिशेब आहे. तुमच्या जातीची एका सड्यावर तीसच रोपं असतील आणि तुम्ही डीएनएसाठी, बुरशीसाठी, हर्बेरियमसाठी मिळून दहा उपटली, तर उरलेल्या वीसांवर कोण संशोधन करणार? डीएनएसाठी पानाचा नखाएवढा तुकडा पुरतो. बुरशीसाठी मुळाचा छोटा तुकडा पुरतो. हर्बेरियमला पूर्ण रोप द्यायलाच हवं असं नाही. फुलोरा, एखादं पान आणि चांगले फोटो यावरही बऱ्याचदा भागतं. 'कमीत कमी किती घेऊन चालेल?' हा प्रश्न कामाच्या पद्धतीतच लिहून टाका.

ठिकाण सांगायचं की नाही?

आता सगळ्यात अवघड भाग. आवडीची गोष्ट दुसऱ्याला दाखवावीशी वाटणं साहजिक आहे. दुर्मीळ फूल दिसलं की फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, खाली गावाचं नाव. विज्ञानही तेच सांगतं: तुमचं काम दुसऱ्याला पुन्हा करून पाहता आलं पाहिजे, म्हणून ठिकाण लिहा.

पण ऑर्किडच्या बाबतीत ठिकाण लिहिणं जीवघेणं ठरलेलं आहे. व्हिएतनाममध्ये सापडलेल्या पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्से या जातीचं वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. काही वर्षांतच ती निसर्गातून जवळजवळ नाहीशी झाली. संग्राहकांसाठी ती उपटली गेली. पेरूमधलं फ्रॅग्मिपेडियम कोवाची हे भल्यामोठ्या जांभळ्या फुलाचं ऑर्किड २००२ मध्ये आवश्यक परवान्यांशिवाय अमेरिकेत नेलं गेलं आणि तिथल्या एका वनस्पती उद्यानाने त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे उद्यानाला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. शास्त्रीय नाव टिकलं, संस्थेची अब्रू गेली, आणि पेरूमधल्या रोपांवर संग्राहकांची धाड पडायची ती पडलीच.

मग करायचं काय? लपवून ठेवायचं? मला वाटतं, नाही. लपवलेल्या माहितीने संरक्षणही होत नाही. तिथे खाण किंवा रिसॉर्ट येणार असेल, तर 'इथे दुर्मीळ जात आहे' हे सांगायला नोंदच नसेल. वाट मधली आहे. निबंधात तालुका किंवा डोंगररांग लिहा, नेमके अक्षांश-रेखांश हर्बेरियमच्या नोंदीत आणि वनविभागाकडे द्या. 'मागणी केल्यास संशोधकांना मिळेल' अशी ओळ निबंधात घालता येते. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात धूसर केलं जातं, आणि इतर नोंदींसाठी ती सोय तुम्ही स्वतः निवडू शकता. मोबाइलच्या फोटोत जीपीएस दडलेलं असतं, ते पाठवण्याआधी बंद करा. आणि फोटोच्या चौकटीत ओळखू येणारा सुळका किंवा मंदिराचा कळस घेऊ नका.

गावातल्या लोकांना मात्र जरूर सांगा. त्यांच्या डोंगरावर काय आहे हे त्यांना कळण्याआधी परदेशातल्या संग्राहकाला कळावं, हे बरं नव्हे. आणि 'बांडगूळ' म्हणून उपटणारा हात थांबला, तर तो तुमच्या निबंधापेक्षा जास्त रोपं वाचवेल.

या पावसाळ्यातलं काम

शेवटी एक गृहपाठ. यात काहीही तोडायचं, उपटायचं नाही. रोज जाता-येता येईल अशा, परवानगीची अडचण नसलेल्या जागेवर एका जातीची वीस रोपं निवडा. प्रत्येकाला क्रमांक द्या. खूणगाठ रोपाला नको, शेजारच्या दगडाची नोंद करा. आठवड्यातून एकदा प्रत्येक रोपाची किती फुलं उमलली आणि किती बोंडं धरली ते लिहा. सोबत रोपाची उंची आणि जवळच्या दुसऱ्या रोपापर्यंतचं अंतर.

समजा, हंगामाअखेर २४० फुलांपैकी ३६ बोंडं धरली. म्हणजे १५ टक्के. इथेच थांबू नका. त्या ३६ पैकी ३० बोंडं फक्त तीन रोपांवर असतील तर? मग सरासरी १५ टक्के हे उत्तर जवळजवळ निरर्थक आहे, आणि 'त्या तीन रोपांत काय वेगळं आहे?' हा तुमचा प्रश्न आहे. ती उंच आहेत? एकमेकांजवळ आहेत? कडेला, वाऱ्यावर आहेत? तक्त्यातले पुढचे दोन रकाने त्यासाठीच भरून घेतले होते.

असा प्रश्न हातात घेऊन गाईडसमोर बसलात, तर 'मला ऑर्किड आवडतं' हे सांगायची वेळच येणार नाही. वीस रोपांची वही पाहून ते त्यांना आपोआप कळेल.